रानाचं साल आणि देवळाचं साल

लेकरा,

फ्रिजवर चिकटवलेली तुझी चिठ्ठी सकाळी नाइट ड्यूटीवरून आल्यावर वाचली. शनिवारच्या मराठी वर्गात बाईंनी विचारलं, आपलं नवीन वर्ष कधी सुरू होतं? तू हात वर करून सांगितलंस, ‘३१ डिसेंबरच्या रात्री, देवळात.’ सगळे हसले. बाई म्हणाल्या, ते इंग्रजी वर्ष, मराठी वर्ष गुढीपाडव्याला. आणि खाली तू लिहिलंयस, ‘मग आपण मराठी नाही का? आणि आजी रात्री बारा वाजता फटाके बघायचे सोडून देवळात का बसते?’ दोन प्रश्न आणि शुद्धलेखनाच्या चार चुका. चुकांचं रविवारी बघू.

बाईंचं काही चुकलेलं नाही. पाडवा मराठी आहेच, आणि आपलाही आहे. पाडव्याला जे शक सुरू होतं ते शालिवाहनाच्या नावाचं, आणि शालिवाहनाचं पैठण आपल्या मराठवाड्यातच, गोदावरीच्या काठी. आपण ख्रिस्ती, म्हणून आपल्या घरी गुढी उभारत नसत. पण आजोबांच्या रानाचं साल पाडव्यालाच सुरू व्हायचं. मराठवाड्यात सालगडी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतमजूर, पाडवा ते पाडवा असतो. त्या दिवशी जुन्या गड्याचा हिशेब मिटायचा, नव्याचं साल ठरायचं, उचल दिली जायची. यात कोण ख्रिस्ती, कोण हिंदू, कोण मुसलमान हे कुणी बघत नसे. शेजारच्या काकू साखरेची गाठी द्यायच्या. इतर पोरं ती गळ्यात घालून मिरवायची, आजी मात्र आमची गाठी फोडून डब्यात ठेवायची आणि आठवडाभर चहाला वापरायची. (ते मी तिला अजून माफ केलेलं नाही.) नाताळात आपल्या करंज्या आणि चिवडा काकूंकडे जायचा.

आणि हो, बाईंना एक गंमत सांग. तू ज्या इंग्लंडात शाळेत जातेस, तिथंही १७५२ पर्यंत सरकारी वर्ष १ जानेवारीला सुरू होत नव्हतं. २५ मार्चला व्हायचं. पाडव्याच्या आसपासच की!

आता आजीचं देऊळ. चर्चला देऊळ म्हणते म्हणून हसू नकोस, जुनी ख्रिस्ती माणसं तसंच म्हणतात. जालन्यात आपली ख्रिस्ती मंडळी फार जुनी. नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण माणसाने १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे ते जालन्याकडे आले आणि जवळच बेथेल नावाचं गाव वसवलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. तेव्हापासून तिकडे मराठीतच प्रार्थना, मराठीतच भांडणं. भजनाला पेटी, तबला, टाळ. नारायण वामन टिळकांचे अभंग म्हणताना आजीचा आवाज कसा लागतो ते तू ऐकलंयस.

३१ डिसेंबरच्या जागरणाची चाल मात्र बाहेरून आली. १७३३ मध्ये जर्मनीतल्या हेर्नहूट गावच्या मोरेव्हियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी वर्षाची शेवटची रात्र प्रार्थनेत जागून काढली. पुढे जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाने इंग्लंडात अशा जागरणाच्या सभा सुरू केल्या, आणि मिशनरी ती रीत बरोबर घेऊन आले. पण आपल्या लोकांना जागरण काय नवीन होतं? सतरंजी अंथरली, मफलर गुंडाळले आणि बसले.

त्या रात्रीचा मुख्य भाग म्हणजे साक्ष. पाळक साहेब, म्हणजे आपले धर्मगुरू, विचारतात, सरत्या वर्षात प्रभूने कुणाला कसं सांभाळलं? मग एकेक जण उठतो. कुणाचा पोरगा बारावी पास झाला, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, कुणी सेकंडहँड टेम्पो घेतला. एक मामा दरवर्षी तीच साक्ष देत, विहिरीत पडून वाचल्याची, आणि दरवर्षी विहीर दोन हात खोल होई. आम्ही पोरं बोटांवर मोजायचो.

२०१३ ची रात्र मला लख्ख आठवते. २०१२ च्या पावसाळ्यात जालन्यात पाऊस फारच कमी झाला होता. ७२ च्या दुष्काळात निदान प्यायला पाणी होतं, असं म्हातारी माणसं म्हणत. आजोबांची मोसंबीची बाग होती, दीडशे झाडं. विहीर आटली तसं टँकरने पाणी घातलं, मग टँकरचे पैसे संपले. मार्चमध्ये पानं गळाली, एप्रिलमध्ये कुऱ्हाड लावली. आणि जूनमध्ये पाऊस आला, चांगला आला. तोवर झाडं जळणाला गेली होती. त्यानंतर आजोबा देवळात यायचे बंद झाले. आजी एकटी जायची. कुणी विचारलं तर म्हणायची, रानात काम आहे. रानात काय काम असणार?

त्या रात्री ते आले आणि मागे चपलांजवळ बसले. साक्षी संपत आल्या तेव्हा उभे राहिले. टोपी हातात. कितीतरी वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘मी खोटं बोलणार नाही. झाडं गेली. पाऊस मागून आला. त्याचे आभार मला मानता येत नाहीत. पण येथवर आलो.’ आणि खाली बसले.

‘येथवर’ हा शब्द शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला आहे. शमुवेल संदेष्ट्याने लढाईनंतर एक धोंडा उभा केला, त्याचं नाव ठेवलं एबन-एजर, साहाय्याचा धोंडा, आणि म्हणाला की परमेश्वराने येथवर आम्हाला साहाय्य केलं. त्यात पुढचं काही नाही बघ. पुढे सगळं छान होईल असं शमुवेल म्हणत नाही. बांधावर जसा दगड रोवतात तसा त्याने रोवला, इथपर्यंत आलो म्हणून. पाळक साहेब हुशार माणूस, त्यांनी वर प्रवचन जोडलं नाही. नुसतं ‘आमेन’ म्हणाले. बाराला पाच कमी असताना सगळे गुडघ्यांवर बसले, घंटा झाली, मग एकमेकांना सलाम, चहा आणि केक. आजोबांनी दोन कप चहा घेतला.

तू नाताळच्या सुट्टीत आजीला ‘तुझं रिझोल्यूशन काय’ विचारलंस तेव्हा ती म्हणाली, ‘प्रभूची इच्छा असली तर पुढच्या सालीं सांगते.’ तुला वाटलं टाळतेय. थोडी टाळतच होती, खरं सांगायचं तर. पण शास्त्रातल्या याकोबाच्या पत्रात आहे ते: अमक्या गावी जाऊ, वर्षभर धंदा करू, नफा मिळवू असं म्हणणाऱ्यांना तो सांगतो, तुम्हाला उद्याचं माहीत नाही, प्रभूची इच्छा असली तर असं म्हणा. पण म्हणून आजी हातावर हात ठेवून बसत नाही. मेमध्ये बियाणं आणून ठेवते, मृग कोरडा गेला तर दुबार पेरणीचे पैसे बाजूला असतात. मग म्हणते, प्रभूची इच्छा असली तर. दोन्ही एकाच तोंडाने.

तिच्या शास्त्राचं शेवटचं कोरं पान कधी उघडून बघितलंयस? वरून खाली सालं लिहिलेली आहेत, निळ्या बॉलपेनने, मधूनच काळ्या. एका सालाला एक ओळ. ‘२०१३. झाडं गेली. पाऊस मागून. येथवर.’ तुझा जन्म झाला त्या वर्षीच्या ओळीत तुझं वजन आहे, किलो आणि ग्रॅममध्ये. २०१९ च्या ओळीत ‘हे गेले’ एवढंच आहे, आणि पुढे येथवर. तो शब्द लिहिताना पेन कागदात रुतलंय. पानामागून बोट फिरवलं तर लागतं.

३१ तारखेला माझी ड्यूटी रात्री आठला आहे. जालन्यात बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. मामा फोन सुरू ठेवणार आहे. घंटा झाली की आजी बाहेर ओट्यावर येईल आणि तुला विचारेल, तुझी ओळ काय? लांबण लावू नकोस, पानावर जागा थोडीच उरलीय. आणि गणिताच्या पेपरचं सांगणार असशील तर मार्कांसकट खरं सांग.

तुझी आई