शिकवलेल्या सिस्टर टिकत का नाहीत?

प्रश्न : आमच्या खासगी रुग्णालयाने दोन सिस्टरना व्हेंटिलेटरच्या प्रशिक्षणाला पाठवलं. सर्टिफिकेट मिळालं आणि वर्षाच्या आत दोघींनी राजीनामे दिले. व्यवस्थापन म्हणतं, यापुढे बाँड (ठरावीक काळ नोकरी सोडायची नाही, सोडली तर पैसे भरायचे), नाहीतर प्रशिक्षण बंद. इन्चार्ज म्हणून मी काय सांगू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी सांगा, परत आल्यावर त्या दोघींची ड्यूटी कुठे लावलीत? मी मेट्रन होते तेव्हा आयसीयूचं शिकून आलेली मुलगी, स्टाफ कमी म्हणून ओपीडीत इंजेक्शनं देताना पाहिली आहे. अशी मुलगी गेली तर दोष प्रशिक्षणाला का द्यायचा?

रुग्णालयातच प्रशिक्षणाचे वर्ग घेत असाल, तर ते कधी घेता, तेही बघा. नाइट उतरलेल्या मुलीला दुपारपर्यंत बसवायचं, कुणाला ऑफच्या दिवशी बोलवायचं आणि एनएबीएचची, म्हणजे रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेची, तपासणी आली म्हणून रजिस्टरवर सह्या घ्यायच्या, याला मी वेठबिगारी म्हणते. अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांतल्या ३३७ नर्सेसचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. शिकायची संधी मिळते असं ज्यांना वाटत होतं, वरिष्ठांचा आणि सोबतच्यांचा पाठिंबा ज्यांना होता, त्यांची रुग्णालयाशी बांधिलकी जास्त दिसली.

बाँडचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने २०२५मध्ये एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड मान्य केला आहे. तेवढ्यावर विसंबून तुमचा मसुदा करू नका, वकिलाला दाखवा. मूळ प्रमाणपत्रं मात्र अडकवून ठेवू नका. बाँडवर थांबलेली मुलगी मुदत संपायचीच वाट बघते.

पगाराचा विषयही टाळू नका. आयसीयूचा भत्ता नसेल तर शिकलेली सिस्टर शेजारच्या रुग्णालयात जाणारच. सरकारी भरतीत लागली, तर पेढे खा आणि वेळेत रिलीव्ह करा.

पुढच्या सिस्टरला पाठवण्याआधी व्यवस्थापनाकडून लेखी घ्या, की परतल्यावर तिला निदान वर्षभर आयसीयूतून हलवणार नाही. नव्या मुलींना तिने शिकवायचं, पण ड्यूटीच्या वेळातच. आणि डॉक्टरांशी बोलून ठेवा. व्हेंटिलेटरचा हाय प्रेशरचा अलार्म वाजला, नळी दुमडली आहे का बघून तिने सक्शन केलं, म्हणजे नळीतला कफ ओढून काढला, तर नंतर राउंडला येणाऱ्या डॉक्टरांनी काय झालं ते तिलाच विचारावं, तिच्या डोक्यावरून रेसिडेंट डॉक्टरला नव्हे.