मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून पाठवला तर काय बिघडतं?

तुम्ही विचारलंय की विंडोज लॅपटॉपवरचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर कसा टाकायचा, लांबलचक पान एका इमेजमधे बसतं का, आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ मोबाइलने फोटो काढला तर काय बिघडतं. शेवटचं वाचून राहवलं नाही.

बिघडतं. आमचं सोलापुरात चादरींचं काम, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, ऑफिस मी आणि दाजी बघतो. जेकार्डची नक्षी, विणतानाच कापडात उठते ती, कॉम्प्युटरवर म्हणजे नुसता बारीक चौकटींचा ग्राफ. दाजींनी एका पार्टीला मोराचं डिझाइन पाठवलं, कसं, तर खुर्चीत बसल्या बसल्या मोबाइल उचलून खटॅक. आता स्क्रीनच्या ठिपक्यांची एक जाळी, कॅमेऱ्याच्या सेन्सरची दुसरी, वर ह्या ग्राफची तिसरी, एकावर एक आल्या की लाटा उठणारच. पार्टीचा फोन, "मोराच्या अंगावर हे रंगीत पट्टे कशाला टाकलेत?" बरं हे हसण्यावारी गेलं असतं, पण फोटोच्या कडेला टॅली, आमचं हिशोबाचं सॉफ्टवेअर, उघडं होतं आणि त्यात दुसऱ्या पार्टीचं बिल, त्याच मालाचा कमी रेट. गड्यानं झूम करून वाचला की! पुढचा सगळा सौदा त्याच रेटवर, काय बोलणार?

दाजींचं तेव्हापासून एकच पालुपद, स्क्रीनशॉटमधे पण टॅली दिसलंच असतं. दिसलं असतं ना, नुसतं प्रिंट स्क्रीन दाबून अख्खी स्क्रीन उचलली असती तर. म्हणून तर विंडोजचं बटण, शिफ्ट आणि एस एकदम दाबायचं, स्क्रीन अंधुक होते, माउसने पाहिजे तेवढाच चौकोन ओढायचा आणि व्हॉट्सअॅप वेबवर चॅट उघडून कंट्रोल व्ही. बारीक आकडे असतील तर फाइल सेव्ह करून डॉक्युमेंट म्हणून जोडा, फोटो म्हणून टाकलं की दाबलं जातं. आणि नको ते हायलायटरने फासत बसू नका, खालचं दिसतं, आधीच कापून घ्या. २०२३ मधे तर विंडोज ११च्या स्निपिंग टूलमधे असा घोळ सापडला होता की सेव्ह केलेला स्क्रीनशॉट परत कापून त्याच फाइलवर सेव्ह केला तर कापलेलं आतच राहायचं, जाणकार माणूस ते बाहेर काढू शकायचा. मायक्रोसॉफ्टने लगेच अपडेट दिला, पण आमच्याकडे अपडेटचा मेसेज आला की दाजी 'नंतर' वर क्लिक करतात.

लांब पानाचं म्हणाल तर तुकडे करा नाहीतर प्रिंटमधे जाऊन पीडीएफ.

हां, कापडाचा रंग मात्र स्क्रीनशॉटवर पण ठरवू नका, तुमच्याकडचा मरून समोरच्याच्या मोबाइलवर लाल दिसतो, त्याला सॅम्पलचा तुकडा कुरिअरनेच पाठवायचा. दाजी नेमके ह्यावर अडून बसतात, "बघ, तुझ्या स्क्रीनशॉटने तरी काय होतंय." पण भांडण शेडचं नव्हतंच, रेटचं होतं.