कथा तिसऱ्या पानावर सुरू होते

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

तुझी कथा वाचली. चांगली आहे, पण ती तिसऱ्या पानावर सुरू होते. पहिल्या दोन पानांत उजाडतं, सुमन उठते, आरशात बघते, तिला बालपण आठवतं. मग ती वडिलांच्या बंद घरापाशी पोचते आणि तिच्याजवळची किल्ली कुलपात फिरत नाही. तिथे मी सावरून बसलो.

आधीची पानं वाईट नाहीत. पण सुमनशी माझं अजून काही नातंच जुळलेलं नाही, तर तिच्या लहानपणात मी का रमावं? किल्ली अडली की मात्र मनात येतं, कुलूप बदललं कुणी? का? त्यानंतर तेच बालपण, भावाबरोबरची तीच भांडणं मी अधाशासारखी वाचेन, कारण मला त्यांत उत्तर शोधायचं असेल. तेव्हा ती पानं फाडू नकोस, पुढे ने.

ही रीत फार जुनी आहे. ट्रॉयचं युद्ध दहा वर्षांचं, पण प्राचीन ग्रीक कवी होमरचं 'इलियड' हे महाकाव्य उघडतं ते दहाव्या वर्षी, ग्रीक वीर अकिलीजच्या रागापासून. रोमन कवी होरेसनं होमरला दाद दिली ती याचसाठी, की जिच्यापायी युद्ध पेटलं ती हेलन ज्या अंड्यातून जन्मली, त्या अंड्यापासून तो गोष्ट सांगत बसत नाही, ऐकणाऱ्याला थेट प्रसंगांच्या मध्यात नेतो.

मध्यात म्हणजे गोंगाटात नव्हे. पहिल्याच ओळीत खून किंवा अपघात घालायचा मोह होतो. ज्याला आपण ओळखतही नाही तो माणूस मेला, तर वाचकाला काय वाटणार? न फिरणारी किल्ली त्याहून जास्त काम करते, कारण ती एका विशिष्ट बाईच्या हातात आहे आणि तिला आत जायचं आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. तू सोबत पाठवलेल्या दुसऱ्या खर्ड्याची सुरुवात अशी आहे: 'ती दारासमोर उभी होती. आता सगळं संपलं होतं.' कोण ती? कसलं दार? काय संपलं? तुला वाटतं, यानं उत्कंठा वाढते. वाढतो तो गोंधळ. पात्राला जे ठाऊक आहे ते वाचकापासून दडवलं की वाचकाला फक्त बाहेर ठेवल्यासारखं वाटतं. याउलट हे वाक्य बघ: 'भावानं कुलूप बदललंय, हे सुमनला किल्ली फिरेना तेव्हा कळलं.' माणसं कळली, ठिकाण कळलं, तंटा कळला. काही लपवलेलं नाही, तरी पुढे काय होणार हे सुमनला माहीत नाही आणि आपल्यालाही नाही. खरी उत्कंठा इथे आहे. काफ्काची १९१५ साली प्रसिद्ध झालेली 'मेटामॉर्फोसिस' ही कथा आठव. ग्रेगोर साम्साचा किडा झालाय, ही सगळ्यांत अचाट गोष्ट तो पहिल्याच वाक्यात सांगून मोकळा होतो. घरचे लोक आता काय करतील, एवढ्यावर तो आपल्याला खिळवून ठेवतो.

संवादानं सुरुवात करायला हरकत नाही, पण बोलणारे कोण हे दोन ओळींत कळू दे. हवामानाचं वर्णन त्या हवेमुळे काही अडत असेल तरच ठेव.

आणखी एक. पहिला परिच्छेद जो सूर लावतो, तो वाचक शेवटपर्यंत धरून चालतो. तुझी पहिल्या खर्ड्यातली सुरुवात मिश्कील आहे आणि कथा मात्र दोन भावंडांच्या तुटण्याची. त्यातली गंमत मला आवडली, पण या कथेत तिनं वाचकाची फसगत होते. म्हणून सुरुवात सगळ्यांत शेवटी पक्की कर. शेवटचं पान लिहून झालं की लगेच पहिलं पान मोठ्यानं वाच. दोन्ही एकाच कथेची वाटत नसतील, तर पहिलं बदल.

भाऊ आतून कडी काढतो पण दार उघडत नाही, त्या प्रसंगाला हात लावू नकोस. तो उत्तम उतरलाय. नवा खर्डा किल्लीपासून सुरू कर आणि बालपण कुठे बसतंय ते शोधून मला पाठव. मी वाट बघतो.

सस्नेह