पहिल्या महायुद्धात 'पुण्याच्या पलटणी'त असलेल्या पणजोबांची नोंद कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की पणजोबा 'पुण्याच्या पलटणी'तून बसऱ्याला गेले, जिवंत परतले, पुढे माजी सैनिकांच्या कुठल्याशा मंडळात होते आणि आता त्यांचं नाव कुठेच सापडत नाही. न सापडण्याचं कारण आधी सांगतो, म्हणजे तुमची बरीच वणवण वाचेल. त्या युद्धातल्या साध्या हिंदी शिपायाचं नाव बहुधा तो मेला तरच कुठे नोंदलं गेलं, आणि तेही अर्धवट. इराकमधलं बसरा स्मारक मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भागात, मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या 40,000 हून अधिक जणांचं आहे. त्यावर गोऱ्या शिपायाचं नाव कोरलेलं आहे, पण हिंदी शिपायांचे पलटणीपुढे नुसते आकडे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने 2021 साली या भेदभावाची कबुली देऊन माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली. पण मला त्याचा राग अजूनही येतो.

तुमचे पणजोबा परत आले, म्हणजे आयोगाच्या यादीत ते नसणारच. खडकीच्या युद्धस्मारकावरही त्यांना शोधू नका, तिथेही मृतांचीच नावं आहेत. जिवंत परतलेल्याचा माग त्याच्या पलटणीवरून काढावा लागतो.

'पुण्याची पलटण' नावाची पलटण नव्हती. माझ्या मते घरचे म्हणतात ती 'सहावी पूना डिव्हिजन', म्हणजे अनेक पलटणी मिळून झालेली मोठी फौज, असावी. तीच 1914 मध्ये बसऱ्याला उतरली आणि तिचाच मोठा भाग डिसेंबर 1915 पासून कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकला. 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13,000 जणांनी तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली. त्यांत 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी होत्या, बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे पूल-खंदक बांधणाऱ्या लष्करी इंजिनिअरांच्या, कंपन्याही होत्या. शिपाई मात्र पुणे शहरातले कमीच. भरती सातारा, रत्नागिरी, कुलाबा अशा जिल्ह्यांतून झालेली. म्हणून घरातल्या जुन्या माणसांना नेमकं विचारा: वेढा, उपासमार, घोड्याचं मांस खायचं की नाही यावरून उठलेला प्रश्न, तुर्कांची कैद, यातलं काही कधी कानावर आलं होतं का? आणि 'जंगी पलटण' किंवा 'काली पांचवी' हे शब्द? जंगी पलटण म्हणजे 103, काली पांचवी म्हणजे 105. पहिली कूतमध्ये होती, दुसरी त्या वेढ्यात नव्हती. एवढ्या एका शब्दावरून शोधाची दिशा बदलते.

आकड्यांचा आणखी एक घोळ आहे. 1922 मध्ये सगळ्या पलटणींचे नंबर बदलले आणि मराठा पलटणी एकाच रेजिमेंटच्या बटालियन झाल्या. 103 ची झाली पहिली बटालियन, 105 ची दुसरी, 110 ची तिसरी, 116 ची चौथी, 117 ची पाचवी, आणि 114 बेळगावात प्रशिक्षणाची बटालियन झाली. वर सगळ्या रेजिमेंटलाच 5 नंबर मिळाला. त्यामुळे कागदावर नुसतं 'पाचवी मराठा' असेल तर तारीख बघितल्याशिवाय अर्थ लावू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरात मेडल आहे का? देवघरात, आजीच्या ट्रंकेत, सोनाराकडच्या जुन्या मोडीत, सगळीकडे बघा. चांदीचं, एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, असं असेल तर ते ब्रिटिश वॉर मेडल. ते आडवं धरून कड खिडकीच्या उजेडात फिरवा. कडेवर इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. 1914-15 स्टार असेल तर हाच मजकूर पाठीवर असतो. तेच वॉर मेडल काशाचं असेल तर ते बिगारी किंवा पलटणीबरोबर कामाला गेलेल्या माणसाचं. कृपा करून चिंच-राख लावून घासू नका, अक्षरं झिजतात. फोटो काढा, अक्षरन् अक्षर उतरवून घ्या. अशी किती मेडलं चांदीच्या भावाने वितळून गेली असतील, विचारही करवत नाही.

नंबर हाती आला की बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा: नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, पेन्शन होती का. मग लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली त्या पलटणीची वॉर डायरी, म्हणजे युद्धातली रोजची नोंदवही, बघा. तीत शिपायांची नावं क्वचितच येतात, पण पणजोबांची पलटण कोणत्या तारखेला कुठे होती ते कळतं. नाव शोधताना स्पेलिंगवर अडू नका. गोऱ्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय.

मंडळाबद्दल म्हणाल तर त्या युद्धानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत सोल्जर्स बोर्डं, म्हणजे सैनिकांसाठीची सरकारी मंडळं, झाली. आजची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं त्याच परंपरेतली, तेव्हा मूळ जिल्ह्याच्या कार्यालयात जुनी नोंदवही विचारून बघा. पण सगळीच मंडळं सरकारी नव्हती. तुमचं घराणं महार असेल तर दुसरीकडेही पाहायला हवं. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी महारांची बंद झालेली लष्करभरती सुरू व्हावी म्हणून 1894 मध्ये विनंतीपत्र लिहिलं. पुण्यातून शिवराम जानबा कांबळ्यांनी 1910 मध्ये थेट लंडनला, ब्रिटिश सरकारातल्या भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. 1917 साली 111 वी महार पलटण उभी राहिली आणि 1921 मध्ये मोडलीही. अशा अर्जांच्या फायलींसाठी मुंबईचं राज्य पुराभिलेखागार, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ ही दोन ठिकाणं धरा. दिल्लीचं घरबसल्या शोधता येतं.

गावात संगमरवरी पाटी आहे का तेही बघा, शाळेत किंवा चावडीवर. त्यावर गावातून किती गेले आणि किती मेले एवढंच असेल, नावं नसतील. पण गावातून भरती झाल्याचा तो पुरावा आहे. मेडल सापडलं तर कडेवरचा मजकूर जसाच्या तसा इथे प्रतिसादात टाका. पलटण ओळखून पुढे कोणती डायरी मागवायची ते मी सांगेन.