सातबारा आज काय म्हणतो, ते पाहा

प्रश्न : वकीलताई, मी 14 वर्षं मस्कतला नोकरी करतो. पासपोर्ट भारतीय, गाव गुहागर तालुक्यात. गावाजवळ 20 गुंठ्यांचा तुकडा विकायला निघालाय, वरून समुद्र दिसतो. एजंट म्हणतो, "सध्या शेती आहे, पण एनएचं (बिनशेती करण्याचं) काम चालू आहे. आत्ता घेतलीत तर स्वस्तात पडेल. तुमच्या नावावर होत नसेल तर बाबांच्या नावावर करू, ते खातेदार शेतकरी आहेतच." 5 लाख रोख टोकन आणि त्याच्या ओळखीच्या माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) मागतोय. मला ऑगस्टपर्यंत रजा नाही. काय करू?
— एक वाचक, मस्कत

उत्तर : टोकन देऊ नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

"एनएचं काम चालू आहे" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते कानावर पडलं तरी मला भीती वाटते. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला फेमा (परकीय चलनाच्या) कायद्याप्रमाणे फ्लॅट, घर, दुकान, बिनशेती प्लॉट घेता येतो, त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या परवानगीची गरज नाही. शेतजमीन आणि फार्महाउस मात्र विकत घेता येत नाही. वारशाने येते. बाबांची जमीन पुढे तुमच्या नावावर लागेल, त्याला हरकत नाही. पण म्हणून दुसऱ्याची शेतजमीन तुम्ही विकत घेऊ शकत नाही. बऱ्याच जणांची इथेच गल्लत होते. काम चालू असेल तर ते होऊ दे. सातबाऱ्यावर बिनशेतीची नोंद चढली की मग बोलू.

बाबांच्या नावावर घेण्याचा मार्ग सोपा वाटतो, तो नाही. पैसे तुमचे, जमीन खरी तुमची आणि कागदावर फक्त बाबा, तर तो बेनामी व्यवहार ठरू शकतो. त्या कायद्यात पत्नीच्या आणि मुलांच्या नावाला सवलत आहे, एकट्या वडिलांच्या नावाला नाही. आणि तुम्ही बाबांना पैसे खरोखरच बक्षीस दिलेत, तर जमीनही खरोखर बाबांची. त्यांच्या पश्चात तिच्यावर आईचा, तुमच्या सगळ्या भावंडांचा सारखा हक्क. घरात आज कितीही गोडवा असला तरी हे आधी एकत्र बसून बोला.

आता कुलमुखत्यारपत्र. गेल्या वर्षी एक बाई माझ्याकडे आल्या, नवरा आखातात. प्लॉट त्यांचाच होता, खरेदीखतही चोख. पण कामासाठी सारखं यायला नको म्हणून नवऱ्याने मित्राला सर्वसाधारण मुखत्यारपत्र करून दिलं होतं. त्या कागदाची घडी उलगडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं : "विक्री करणे, गहाण ठेवणे, मोबदला स्वीकारणे". सही करताना ती ओळ कोणी वाचलीच नव्हती. मित्राने प्लॉट विकून टाकला होता. दावा चालू आहे. बाई दर तारखेला एकट्या येतात, आणि मला त्यांच्या नजरेला नजर देववत नाही.

म्हणून मुखत्यारपत्र द्यायचंच, तर बाबांना किंवा सख्ख्या भावंडाला द्या, आणि ते विशेष असू दे : अमुक गट नंबर, अमुक खरेदीखतावर सही, नोंदणीला हजर राहणं, बस्स. विक्रीचा शब्द त्यात नको. सही मस्कतच्या भारतीय दूतावासात, अधिकाऱ्यासमोर करा. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत त्याचं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, तेव्हा कुरियरचं पाकीट तारखेसकट जपून ठेवा. एजंटच्या माणसाला काहीही नको.

रोख तर मुळीच नाही. जागेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि तुम्ही तर पैसे बँकेतूनच द्यायला हवेत : परदेशातून थेट, नाहीतर एनआरई वा एनआरओ या परदेशस्थ भारतीयांसाठीच्या बँक खात्यातून. पुढे घर विकून पैसा परत बाहेर न्यायची वेळ आली, तर बँक हाच पुरावा मागते.

मस्कतला बसून आज एवढं करा. महाभूमी या शासनाच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावरून 15 रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा काढा. भोगवटादार (जमीन धारण करणारा) वर्ग 1 आहे की 2, ते पाहा. वर्ग 2 असेल तर शासनाच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. मग 'इतर हक्क' हा रकाना सावकाश वाचा. लोक मालकाचं नाव बघून थांबतात, पण कोकणात कुळाचं नाव, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, लग्न होऊन गेलेल्या आत्याचा हक्क, सगळं तिथेच असतं. खाली दिलेल्या फेरफारांचे (हक्कबदलाच्या नोंदींचे) नंबर उतरवून घ्या आणि ते फेरफार बाबांना तलाठ्याकडून काढून आणायला सांगा. वकिलाकडून 30 वर्षांच्या मालकीचा शोध अहवालही घ्या. वकील तुमचा हवा, एजंटने सुचवलेला नको.

एवढ्यात ऑगस्ट येईलच. रजेवर आलात की भर पावसात बाबांबरोबर जागेवर जा आणि मोजणीचा नकाशा सोबत न्या. एजंटने दाखवलेली गाडीवाट त्या नकाशात आहे, की शेजाऱ्याच्या आंब्याखालून त्याच्या मेहरबानीने जाते, ते तिथे उभं राहून बघा आणि मला कळवा.