मुलगा कुठल्या गावचा?

प्रश्न : काका, आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा आठवीत आहे, वयाच्या मानाने थोराड, आणि फुटबॉलचं (इथल्या, हेल्मेटवाल्या) भयंकर वेड. टाउनची पब्लिक (म्हणजे इथली सरकारी) हायस्कूल घरापासून दहा मिनिटांवर आहे. पण चाळीस मिनिटांवरच्या एका कॅथलिक शाळेच्या कोचने मॅच संपल्यावर नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, “आमच्या प्रॅक्टिसला एकदा घेऊन या.” फी वर्षाला 22,000 डॉलर, त्यात थोडी मदत मिळेल म्हणे. मुलगा म्हणतो, तिथली पोरं पब्लिक शाळांना धुतात, मला जिंकणाऱ्यांत जायचंय. कोचने असं बोलावणं नियमात बसतं का? आणि आम्ही काय करावं? सासूबाई विचारताहेत, पोराला तिथे ख्रिश्चन करतील का, ते वेगळंच. — एक आई

उत्तर : ताई, सासूबाईंचं आधी घेतो, ते सोपं आहे. करणार नाहीत. इतर धर्मांची मुलं तिथे पुष्कळ असतात. धर्माचा एक विषय असतो, अधूनमधून मासला (चर्चच्या प्रार्थनेला) बसावं लागतं. पोरं त्या वेळात काय करतात ते मला विचारू नका.

आता फुटबॉल. गेली चौदा वर्षं मी आमच्या टाउनच्या शाळेत शुक्रवारी रात्री साखळी धरतो. दहा यार्डांची साखळी, दोन टोकांना दोन दांडे, अंगात नारिंगी जाकीट. बॉल पुरेसा पुढे गेला की नाही ते मोजायला पंचाने बोलावलं की धावत मैदानात जायचं. माझा मुलगा कधीच शिकून बाहेर पडला, साखळी मात्र माझ्या हातून सुटली नाही. आमच्याकडे साखळीवाल्यांची जागा पाहुण्यांच्या बाजूला आहे आणि तोंडातून आवाज काढायचा नाही असा नियम आहे. त्यामुळे समोरच्या संघाचा बेंच मी हाताच्या अंतरावरून बघत आलोय.

सात-आठ वर्षांपूर्वी अशीच एक कॅथलिक शाळा आमच्याकडे खेळायला आली होती. पहिल्या क्वार्टरला 7-7. आमचे लोक खूश. मी मात्र त्यांचा बेंच मोजत होतो. त्यांची बचावाची पुढची फळी चार-पाच डावांनंतर अख्खी बदलायची, तेवढ्याच आकाराची ताजी चार पोरं आत. आमचा डावा टॅकल (पुढच्या फळीतला धिप्पाड गडी) आक्रमणातही तोच, बचावातही तोच, किकच्या वेळीसुद्धा तोच. तिसऱ्या क्वार्टरला तो माझ्यापासून दोन पावलांवर गुडघ्यांवर हात टेकून वाकलेला, माउथगार्ड हेल्मेटच्या जाळीला लोंबतंय, मनगटाची टेप सुटून मातीत लोळतेय. समोर उभा राहिलेला पोरगा तेव्हा नुकता पाणी पिऊन आलेला होता. शेवटी 41-7. दुसऱ्या दिवशी गावात सगळे त्यांच्या क्वार्टरबॅकबद्दल (बॉल फेकणाऱ्या म्होरक्याबद्दल) बोलत होते. क्वार्टरबॅक बरा होता. सामना त्या बदली फळीने नेला.

असली फळी कुठून येते? पब्लिक शाळेची हद्द नकाशावर आखलेली असते. त्या रेषेच्या आत जन्माला आलेली, नाहीतर आईबापांनी घर घेतलेली पोरं, हाच कोचचा माल. एका वर्षी अडीचशे पौंडांची तीन पोरं निघतात, पुढच्या वर्षी एकही नाही. कॅथलिक शाळेला रेषाच नाही. तिच्या बसगाड्या चार-चार काउंट्यांतून पोरं गोळा करतात. पैशाने फरक पडतो, वेटरूम चकचकीत असते, कोच जास्त असतात, सगळं खरं. पण श्रीमंत टाउनच्या पब्लिक शाळांकडेही ते असतं. रेषा नसणं ही खरी मिळकत.

म्हणूनच न्यू जर्सीत प्लेऑफ, म्हणजे हंगामाच्या शेवटचे बाद सामने, वेगळे आहेत. नॉन-पब्लिक शाळा आपापसात खेळतात, पब्लिक आपापसात. (पब्लिक शाळांच्या प्रत्येक गटाला राज्यभरातून एकच विजेता मिळायला मात्र 2022 उजाडलं. तोवर आम्ही विभागीय ढालींवर समाधान मानत होतो.) हंगामातल्या नेहमीच्या सामन्यांतही उत्तर जर्सीत आता ताकद बघून गट पाडतात, बर्गन कॅथलिक, डॉन बॉस्को प्रेप अशा तगड्या शाळा बहुतेक एकमेकींशीच भिडतात. तेव्हा “पब्लिक शाळांना धुतात” हे तुमच्या मुलाने कुठल्या तरी जुन्या व्हिडिओत पाहिलं असणार. तो तिथे गेला तर त्याला रोज त्याच्याच मापाची पोरं भेटतील, आधी सरावात आणि मग सामन्यात.

कोचच्या आमंत्रणाचं म्हणाल तर खेळासाठी मुलं ओढणं जवळजवळ प्रत्येक राज्यात निषिद्ध आहे, आणि ‘ओढणं’ म्हणजे काय यावर भांडण थेट सुप्रीम कोर्टात गेलेलं आहे. टेनेसीत ब्रेंटवुड अकॅडमी नावाची खासगी शाळा. 1997 च्या वसंतात तिथल्या कोचने प्रवेश पक्का झालेल्या आठवीच्या पोरांना पत्र पाठवलं, सरावाला या, लवकर सुरुवात केलीत तर फायदा तुमचाच. खाली सही काय, तर ‘तुमचा कोच’. पोरं अजून दुसऱ्या शाळेत बसत होती आणि हा त्यांचा कोच झालासुद्धा! राज्याच्या क्रीडा संघटनेने शाळेला 3,000 डॉलर दंड केला, चार वर्षं देखरेखीखाली ठेवलं आणि फुटबॉल-बास्केटबॉलच्या प्लेऑफमधून दोन वर्षं बाहेर काढलं. शाळा कोर्टात गेली, म्हणाली हे आमच्या भाषणस्वातंत्र्यावर आक्रमण आहे. 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी ठरवलं की ही संघटना सरकारी यंत्रणेसारखीच वागते, तेव्हा तिला राज्यघटना लागू. शाळेने पेढे वाटले असतील. 2007 मध्ये तेच प्रकरण परत वर गेलं आणि सगळ्या न्यायमूर्तींनी निकाल संघटनेच्या बाजूने दिला. स्वखुशीने संघटनेत आलात ना, मग तिचे नियम पाळा. एका पत्रावरून दहा वर्षं.

तुमच्या प्रकरणात तर प्रवेशसुद्धा झालेला नाही. ‘घेऊन या’ हे वाक्य मला आवडलं नाही. तुम्हीच शाळेच्या प्रवेश कार्यालयाला फोन करा, ओपन हाउसला जा, मदत किती ते लेखी घ्या. ती मदत घरच्या उत्पन्नावर ठरायला हवी, पोरगा चाळीस यार्ड किती सेकंदांत धावतो त्यावर नाही. कोणी दुसरं काही सुचवलं तर सरळ उठून या.

मग एक शुक्रवार त्यांच्याकडे जा आणि बेंच मोजा. मोठ्या कॅथलिक शाळेत नववीची पोरं फ्रेशमन संघात, मग जेव्ही म्हणजे दुय्यम संघात, आणि अकरावीत व्हर्सिटीत, म्हणजे शाळेच्या मुख्य संघात, नंबर लागला तर लागला. टाउनच्या शाळेत तुमचा थोराड पोरगा दहावीत मैदानावर दिसेल, दोन्हीकडून खेळून थकलेला. कॉलेजच्या कोचना आजकाल ‘हडल’ नावाच्या साइटवर व्हिडिओ मिळतात, चांगला लाइनमन (पुढच्या फळीतला गडी) कुठल्याही गावात सापडतो. शिवाय हायस्कूलात खेळणाऱ्या 100 पोरांपैकी कॉलेजात कुठल्या का पातळीवर खेळायला मिळतं ते सात-आठ जणांना. 88,000 डॉलर या सात-आठांच्या भरवशावर लावू नका. त्या शाळेचं गणित आणि विज्ञान तुमच्या टाउनपेक्षा चांगलं असेल आणि ते परवडत असेल तर पाठवा, अगदी जरूर पाठवा.

आणि पाठवलंत तर मुलाला आधीच सांगून ठेवा की मध्येच मन बदललं आणि दहावीत टाउनला परतायचं ठरवलं तर नवीन शाळेत काही सामने बाहेर बसावं लागू शकतं. बदलीचे नियम पोरांना कोणी सांगत नाही, आईबापांना उशिरा कळतात.

प्रश्न : मुलाकडे ओहायोत सहा महिने आलो आहे. नातवाची पब्लिक शाळा कॅथलिक शाळेकडून हरली की स्टँडमध्ये एकच घोष, ‘त्यांची स्पर्धाच वेगळी करा!’ मग करत का नाहीत? — एक आजोबा

उत्तर : आजोबा, करायला गेले होते. ओहायोत हे सदस्य शाळांचे मुख्याध्यापक मतदानाने ठरवतात. 1978 आणि 1993 मध्ये वेगळं निघायचा ठराव आला आणि आपटला. 2011, 2012 आणि 2013 अशी लागोपाठ तीन वर्षं तडजोडीचे ठरावही थोडक्यात पडले. 2014 मध्ये एक पास झाला, 2017 च्या हंगामापासून अमलात आला. त्याचा गाभा तुमच्या पिढीला लगेच कळेल. पोरगा कुठल्या गावचा, ते विचारायचं. संघातला जो खेळाडू शाळेच्या नेहमीच्या हद्दीतून किंवा ठरलेल्या शाळांतून आलेला नाही, त्याच्यामुळे शाळेची पटसंख्या कागदावर वाढवायची. असे खेळाडू खूप झाले की शाळा वरच्या विभागात जाते. हा हिशेब पब्लिक शाळांनाही लागू आहे, कारण त्यांतल्या अनेक बाहेरची पोरं घेतात.

मला हा प्रकार इतर काही राज्यांपेक्षा शहाणपणाचा वाटतो. इलिनॉयमध्ये 2005 पासून हद्द नसलेल्या शाळेचा पट 1.65 ने गुणतात. 600 पोरांची शाळा 990 ची धरायची. आता त्या शाळेत फुटबॉल ढेकळासारखा असला तरी गुणाकार तोच, म्हणून मग सवलती आल्या, यश बघून वरच्या गटात ढकलायचा वेगळा नियम आला. लुइझियानाने 2013 मध्ये ‘निवडक’ आणि ‘बिगरनिवडक’ अशी सरळ फाळणी केली. पुढे 2022 मध्ये लक्षात आलं की पब्लिक शाळाही बाहेरून मुलं घेतात, तर त्यांतल्या कितीतरी ‘निवडक’मध्ये टाकल्या. फाळणीची रेघ हलवावी लागली ती लागलीच.

पण आजोबा, वेगळं निघायला पब्लिकवाल्यांचाच जीव होत नाही त्याचं कारण तुमच्या राज्यातच आहे, मॅसिलॉन. पोलाद गिरण्यांचं गाव. मुलगा जन्मला की दवाखान्यात पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवणारं. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये नाव काढलेला पॉल ब्राउन तिथे 1932 ते 1940 कोच होता. जुन्या काळात वर्तमानपत्रांच्या मतांवर राज्यविजेते ठरायचे तेव्हा मॅसिलॉनने ढीगभर पदं जिंकली. 1972 मध्ये प्लेऑफ सुरू झाले आणि तिथून पन्नास वर्षं एकही नाही. 2018 च्या अंतिम सामन्यात ॲक्रनच्या आर्चबिशप होबनकडून हरले, 2019 मध्ये सिनसिनाटीच्या ला सालकडून, 2020 मध्ये परत होबनकडून. तिन्ही वेळा समोर कॅथलिक शाळा. मग 2023 चा अंतिम सामना, कँटनमध्ये, पुन्हा होबन. मॅसिलॉन 7, होबन 2. अख्ख्या सामन्यात एकच टचडाउन.

वेगळ्या स्पर्धेत तो चषक त्यांना कदाचित आधीच मिळाला असता. कोणाला हरवून, हे मात्र त्या गावाने रोज स्वतःला विचारलं असतं. म्हातारी माणसं त्या रात्री रडली म्हणतात. साखळीवाला म्हणून मला रडायची परवानगी नाही, पण मी घरी टीव्हीसमोर होतो.

प्रश्न : कॅलिफोर्नियात वरच्या गटाचा अंतिम सामना कॅथलिक विरुद्ध कॅथलिकच असतो. पब्लिक शाळांनी खेळावंच कशाला? — एक वैतागलेला बाप

उत्तर : तुमचा वैताग खरा आहे. राज्याचा ओपन डिव्हिजन 2016 ते 2024 पर्यंत मेटर डे नाहीतर सेंट जॉन बॉस्को यांच्यापैकीच कोणीतरी जिंकला (2020 ला कोविडमुळे झालाच नाही), आणि समोर यायच्या त्या डे ला साल किंवा सेरा, त्याही कॅथलिकच. पण ओपन म्हणजे शिखरावरच्या मोजक्या संघांचा गट आहे. खालचे गट तुमच्या भागात अलीकडच्या निकालांवरून पाडतात, शाळा पब्लिक की खासगी, मोठी की छोटी ते बघत नाहीत. मध्यम ताकदीची पब्लिक शाळा मध्यम ताकदीच्या संघांशीच खेळते आणि तिला अंतिम सामना दिसतो. तुमच्या मुलाची शाळा कुठल्या गटात आहे ते बघा, आणि त्याच गटाच्या निकालांवर वैतागा.

राहता राहिला डे ला साल. 1992 ते 2004 सलग 151 सामने जिंकले. 152 व्याला, सप्टेंबर 2004 मध्ये, सिएटलमध्ये हरले, 39-20. हरवणारी बेलव्ह्यू पब्लिक शाळा होती. ज्याच्या हातात त्या रात्री तिथली साखळी होती त्याचा मला आजही हेवा वाटतो.