खोल नाण्यासाठी आधी जमीन ओळख

मित्रा, मेटल डिटेक्टरची सेन्सिटिव्हिटी शेवटपर्यंत चढवली की खोलवरचं नाणं सापडेल, हा हिशोब आपल्या नाशिकच्या मातीत चालत नाही. ही माती बेसाल्टची, लोहखनिजांनी भरलेली. मशीन जमिनीलाच उत्तर देत बसतं आणि त्या गोंगाटात नाण्याचा बारीक आवाज बुडतो. म्हणून आधी ग्राउंड बॅलन्स कर, म्हणजे जमिनीचा आवाज मशीनला गाळायला लाव. धातू नसलेली जागा बघून, आवाज सपाट होईपर्यंत कॉइल, म्हणजे मशीनची खालची तबकडी, वर-खाली हलव. काळ्या रानातून मुरमाड माळावर गेलास की पुन्हा कर. मग सेन्सिटिव्हिटी हळूहळू वाढव. बडबड सुरू झाली की थोडी मागे घे.

डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गाळायची सोय, तिच्याबद्दल माझं मत ठाम आहे: खोल शोधताना जवळपास बंदच ठेव. खोलवरच्या तांब्याच्या शिवराईचा स्क्रीनवरचा आकडा अशा जमिनीत लोखंडाकडे सरकू शकतो. लोखंड गाळलंस, की तीही गेली. स्क्रीनपेक्षा कानावर भरवसा ठेव. दोन्ही दिशांनी फिरवून टिकणारा बारीक आवाज सोडू नकोस.

कॉइल जमिनीलगत, हात सावकाश.

आणि हे मनावर घे. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर नाणी मिळाली, त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा छाप पुन्हा मारलेला. ठेवा एकत्र अभ्यासता आला, म्हणून सातकर्णीने नहपानाची सत्ता मोडल्याचा तो इतिहास कळला. पांडवलेणीसारख्या संरक्षित जागी मशीन नेऊच नकोस. शेतात मालकाची परवानगी घे. पुरलेला ठेवा दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.